टिंबोची पेटी आणि तुळशीकडचा दिवा : प्रकल्प नोंदी

६ एप्रिल

आजपासून नोंदी. प्रकल्प काय ते आधी लिहून ठेवतो, नाहीतर महिन्याभराने आपलं आपल्यालाच आठवत नाही कुठून निघालो ते. माणूस "ह्याच्यामुळे ते झालं" असं कशाच्या जोरावर म्हणतो, आणि आधी आलेला अनुभव त्याला त्यात कुठे मदत करतो आणि कुठे अडवतो, हे एका पेटीशी लोकांना खेळायला लावून बघायचं. बारावीला गेलेली दोघं सोबत आहेत, एक मुलगी मयेची, एक मुलगा आमच्या गोव्यातल्या डिचोलीचाच, दोघांना हे पुढच्या विज्ञान प्रदर्शनात मांडायचंय.

पेटीची कल्पना आमची नाही. अमेरिकेत बर्कलीला ॲलिसन गॉपनिक आणि डेव्हिड सोबेल यांनी २००० साली अशा पेटीवरचं काम प्रसिद्ध केलं. पेटीवर काही ठोकळे ठेवले की ती पेटते आणि गाणं वाजतं, काही ठेवले की काहीच होत नाही. चालणाऱ्या ठोकळ्याला त्यांनी ब्लिकेट असं बिनअर्थाचं नाव दिलं, कारण ओळखीचा शब्द वापरला की मूल त्या शब्दावरून अंदाज बांधतं, समोर काय घडतंय ते बघत नाही. मयेच्या मुलीने टिंबो सुचवलं. टिंबो तर टिंबो.

१० एप्रिल

सुताराकडून नऊ ठोकळे आणले, चौकोनी, गोल, निमुळते, सगळे एकाच लाकडाचे आणि रंग न दिलेले. पेटी प्लायची, वर दुधी ॲक्रेलिक, आत एलईडीची पट्टी आणि वाढदिवसाच्या ग्रीटिंग कार्डातून काढलेला गाण्याचा तुकडा. आधी ठोकळ्यात चुंबक आणि पेटीत सेन्सर असं केलं होतं पण ठोकळा जरा तिरका पडला की पेटायचं नाही, आणि इथे पेटी एकदा जरी चुकली तरी समोरच्याचा सगळा हिशोब चुकतो. दोन दिवस त्यात घालवून शेवटी सरळ टेबलाखाली पायाने दाबायचा स्विच बसवला. बर्कलीवाल्यांनीही माणसानेच लपून चालू-बंद केलेलं, त्यामुळे वाईट वाटून घेतलं नाही.

आई बघून गेली. म्हणाली एवढं कारण शोधायचं शास्त्र करताय तर पावसात आपला तो मेनचा स्विच कशाने पडतो ते शोध आधी. बरोबर आहे तिचं. त्याचं नीट लिहीन.

१३ एप्रिल

वाचन. मुलांना समजावताना मलाच नव्याने कळलेलं लिहितो.

स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम, त्याने १७३९ साली जे मांडलं त्याच्याशी आजही सगळे झुंजतायत. त्याचं म्हणणं, बिलियर्डचा एक चेंडू दुसऱ्यावर आपटला आणि दुसरा पळाला, यात आपण काय बघतो? पहिला आला, टेकला, दुसरा गेला. "त्याने ढकललं" हे कुठे दिसलं? ते डोळ्यांनी दिसत नाही, तेच ते पुन्हा पुन्हा बघून मनाला सवय लागते आणि ती सवय आपण जगावर चिकटवतो.

मुलाने लगेच विचारलं, सर मग पहिल्यांदाच बघणाऱ्याला काय दिसेल? ह्याच प्रश्नावर बेल्जियमच्या मिशोतने काम केलं, १९४६ साली त्याचं पुस्तक आलं. त्याने पडद्यावर दोन चौकोन फिरवले. पहिला येऊन टेकला आणि दुसरा त्याच क्षणी सुटला की बघणारा म्हणतो ढकललं, पण मध्ये अगदी सेकंदाचा पाचवा भाग जरी थांबा घातला तरी ते ढकलणं गायब होतं, दुसरा आपला आपण निघाल्यासारखा वाटतो. आम्ही लॅपटॉपवर दोन गोळे करून पाहिलं आणि खरंच तसंच, मला माहीत आहे की दोन्ही नुसते रंगाचे ठिपके आहेत, कोणी कोणाला ढकलत नाहीये, तरी डोळा ऐकत नाही. म्हणजे ह्यूमला वाटलं त्यापेक्षा कारण बरंच आतून, थेट दिसतं आपल्याला. १९८७ मध्ये लेस्ली आणि कीबल यांनी सहा महिन्यांच्या बाळांनाही हा फरक कळतो असं दाखवलं.

मग अनुभवाचं काय उरलं? तर ह्याच्यापुढचं काम मला सगळ्यात आवडलं. साडेचार महिन्यांची बाळं, म्हणजे ज्यांना अजून वस्तू धरता येत नाही, त्यांच्या हातात वेल्क्रोचे मोजे घातले आणि समोर वेल्क्रोचे चेंडू ठेवले. हात लागला की चेंडू चिकटून येतो. म्हणजे बाळाला आयुष्यात पहिल्यांदा "मी हलवलं म्हणून हललं" हे मिळालं. काही मिनिटांचाच खेळ. त्यानंतर तीच बाळं पडद्यावरचं ढकलणं ओळखायला लागली, आणि ज्यांना न चिकटणारे मोजे दिले होते ती नाही. रॅकिसन आणि क्रोग, २०१२. नुसतं बघून जे आलं नाही ते हाताने केल्यावर आलं. मी हे आईला सांगितलं तर ती म्हणाली बाळ खुळखुळा टाकतं आणि आपण उचलून देतो, ते पुन्हा टाकतं, ते काय आपल्याला छळायला टाकतं का. खरं आहे, ते प्रयोगच करत असतं.

१९ एप्रिल

पेटीचं काम नाही, सत्तरीत मामाकडे. काजूचा सीझन, मामाच्या हाताला बोंडवांचा वास, संध्याकाळी हुर्राक, म्हणजे काजूची हलकी दारू. पण इथलं एक लिहून ठेवायलाच हवं.

मामाच्या भागात २०१५ मध्ये पाली गावात माकडतापाचे रुग्ण सापडले होते. हा रोग पहिल्यांदा १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात ओळखला गेला, म्हणून त्याचं डॉक्टरी नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. काजू गोळा करणारी माणसं दिवसभर पाल्यापाचोळ्यात, त्यामुळे सगळ्यात जास्त धोका त्यांनाच. मामाला विचारलं तुम्ही लोकांनी कशावरून ओळखलं. तो म्हणाला आधी माकडं मरतात, मग माणसाला ताप येतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं, म्हणून मेलेलं माकड दिसलं की त्या बाजूच्या बागेत जायचं नाही, तिथला वारासुद्धा वाईट.

आता यात बघा. खरं कारण गोचीड. विषाणू गोचिडीतून माकडालाही जातो आणि माणसालाही, माकड लवकर दगावतं, आणि ते मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरून आजूबाजूला पसरतात. माणसाकडून माणसाला हा ताप जात नाही, वाऱ्याने तर नाहीच. म्हणजे मामाचं कारण चूक आणि मामाचं वागणं शंभर टक्के बरोबर! मेलेल्या माकडाच्या जागेपासून लांब राहा, हाच सल्ला आरोग्य खात्याचाही. पण कारण चुकीचं असलं की ते कुठेतरी अडतंच, मामा माकड दिसलं नाही तर अंगाला गोचिडीचं औषध लावत नाही, कारण त्याच्या हिशोबात माकड नाही म्हणजे ताप नाही. मी बसून समजावलं. ऐकलं त्याने, पण पटण्यापेक्षा भाच्याचा मान राखला असं वाटलं. लांब बाह्यांचे दोन शर्ट आणि औषधाची ट्यूब ठेवून आलो.

२७ एप्रिल

पहिली खरी फेरी. बालवाडीतल्या बाईंची आणि पालकांची परवानगी घेऊन सकाळी मुलं, संध्याकाळी वाचनालयात येणारी मोठी माणसं. खेळ बर्कलीच्या २०१४ च्या कामावरून घेतला (लुकास, ब्रिजर्स, ग्रिफिथ्स, गॉपनिक), तो असा.

आधी तीन ठोकळे दाखवायचे. एकेकटा ठेवला तर पेटी गप्प, तिन्हींचं तसंच. मग जोड्या. चौकोनी आणि गोल, गप्प. गोल आणि निमुळता, गप्प. चौकोनी आणि निमुळता, पेटली! म्हणजे ही पेटी अशी आहे की हिला दोन टिंबो एकत्र लागतात, एकाने भागत नाही. एवढं दाखवून झालं की नवे तीन ठोकळे. त्यातला पहिला तीनदा एकटा ठेवायचा, गप्प. दुसरा एकदा, गप्प. मग पहिला आणि तिसरा एकत्र, पेटली, पुन्हा एकत्र, पुन्हा पेटली. आता सांगा टिंबो कोण?

मोठी माणसं जवळजवळ सगळी म्हणाली, तिसरा. कारण पहिला तर तीनदा ठेवून बघितला की, काहीच झालं नाही. बँकेतून रिटायर झालेले एक काका तर मला समजावायला लागले, पहिला हा नुसता सोबतीला आहे, काम करणारा तिसरा. आणि बालवाडीतली पोरं? शेजारची पाच वर्षांची छोटी, तिला मी ओळखतो म्हणून तिचं मोजलेलं नाही पण लिहितो, ती म्हणाली "ह्यो आनी ह्यो, दोगांय जाय" आणि दोन्ही उचलून माझ्या हातात दिले. बाकीच्यातही बरीच मुलं असंच म्हणाली. आमची माणसं थोडी, मूठभरच, त्यामुळे आकडे काढून मिरवण्यात अर्थ नाही, पण बर्कलीतही हेच निघालेलं, चार-पाच वर्षांची मुलं विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांपेक्षा ह्या बाबतीत पुढे.

असं का, यावर घरी येताना दोघांशी बोलत होतो. मोठ्यांना अनुभव आहे की जगात बहुतेक वेळा एक कारण एकटंच पुरेसं असतं. स्विच दाबला दिवा लागला, किल्ली फिरवली गाडी सुरू झाली. हा अनुभव खोटा नाही, चांगला कामाचा आहे, नव्वद वेळा त्यानेच भागतं. पण तो इतका घट्ट बसतो की पेटीने समोर स्पष्ट दाखवून दिलं तरी दुसऱ्या फेरीत माणूस परत जुन्या वाटेने जातो. मुलांचं तसं काही ठरलेलंच नसतं अजून, म्हणून पेटी जे सांगेल ते ती ऐकतात.

हे मला खूप लागलं मनाला. आपण शाळेत मुलांना अनुभव द्या अनुभव द्या म्हणतो. अनुभव आपल्याला कारणं शिकवतो हे खरंच, पण कारणाचा *आकार* कसा असतो हेही तोच शिकवतो, आणि ते शिकल्याचं आपल्या लक्षातही येत नाही.

४ मे

काल रात्री वाचनालयातले संस्कृत शिकवलेले गुरुजी भेटले, त्यांना सगळं सांगितलं, तर त्यांनी आपल्या न्यायशास्त्रातलं उलगडून दाखवलं आणि मी थक्क झालो, कारण हे मला कॉलेजात कोणी सांगितलं असतं तर.

मडकं कशाने होतं? कुंभार, चाक, दांडा, माती. आणि माती वाहून आणणारं गाढव? मडक्याच्या आधी तेही तिथे होतं की. मग ते कारण का नाही? नैयायिक म्हणतात ते अन्यथासिद्ध, म्हणजे ते नसतं तरी दुसऱ्या कशाने माती आली असती, मडक्याचं काही अडलं नसतं. आधी असणं पुरेसं नाही, त्याच्यावाचून अडायला हवं. आणि ते तपासायची रीत अन्वय-व्यतिरेक: असलं की होतं का बघा, नसलं की होत नाही का तेही बघा. आपण अर्धंच करतो, असलं की झालं एवढ्यावर थांबतो. कावळा बसला आणि फांदी तुटली. गुरुजी म्हणाले, कावळा न बसता किती फांद्या तुटल्या ते कोणी मोजायला गेलंय का.

आणि मग त्यांनी तो शब्द सांगितला ज्याच्यासाठी ही नोंद आहे. कारणसामग्री. एकेक कारण कार्य घडवत नाही, सगळी सामग्री जमली की कार्य होतं, एक जरी कमी असेल तरी होत नाही. आमची दोन टिंबोंची पेटी! मी मुलांच्या फाईलवर मोठ्या अक्षरात हाच शब्द लिहून घेतलाय.

११ मे

दुसरी फेरी, ह्यावेळी मोठ्यांना नुसतं बघायला न लावता ठोकळे त्यांच्या हातात दिले, हवं तसं करून बघा. फरक पडला. सगळ्यांना नाही पण बऱ्याच जणांना दोन लागतात हे कळलं. मजा म्हणजे पेटीपेक्षा त्यांचे हात बघण्यासारखे होते, कोणी एक ठोकळा दाबून बघतो, कोणी फिरवून, आणि योगायोगाने ज्या क्षणी पेटली त्या क्षणी जे करत होते तेच पुन्हा करत राहतात. एका बाईंनी ठोकळा डाव्या हाताने ठेवला तेव्हा पेटली, त्यानंतर त्या डाव्या हातानेच ठेवत होत्या. अमेरिकेत स्किनरने १९४८ मध्ये भुकेल्या कबुतरांना ठराविक वेळाने दाणे दिले, कबुतर काहीही करो. आठातली सहा कबुतरं दाणा पडला तेव्हा जे करत होती तेच करत बसली, एक गोल फिरायचं, एक मान हलवायचं. बाईंना हे सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती, त्यांनी थोड्या वेळाने उजव्या हाताने करून बघितलं आणि पेटली तशी सोडून दिलं. कबुतराला हे बहुतेक जमलं नसतं, दाणा चुकेल ह्या भीतीने. म्हणून माणसाला चुकायला जागा मिळाली पाहिजे, चुकीची किंमत कमी असली की माणूस तपासून बघतो.

किंमत जास्त असली की काय होतं ते आमच्या ताईकडे बघून कळतं. ती सातवीत असताना तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं खाल्लं आणि रात्री उलट्या. त्या आठवड्यात घरात सगळ्यांनाच ताप आणि उलट्या होत्या, ज्यांनी तिसऱ्या खाल्ल्या नव्हत्या त्यांनाही. हे तिला माहीत आहे, ती स्वतः नर्स आहे. तरी आज तीस वर्षं तिसऱ्यांचा वास आला की ती उठून जाते. गार्सिया आणि कोलिंग यांनी १९६६ मध्ये उंदरांत हेच दाखवलं, आजारी पडलं की उंदीर दोष चवीला देतो, दिव्याला किंवा आवाजाला देत नाही, आणि शॉक बसला की उलट. म्हणजे अनुभव कशाची गाठ कशाशी मारेल हेही थोडं शरीरानेच आधी ठरवलेलं. आमच्या घरात तिसऱ्या ती आली की करत नाहीत एवढंच.

२४ मे

वळवाचा पाऊस, जोरदार. आणि संध्याकाळी सात वाजता घरात काळोख. आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला की वीज तोडणारा तो मेनचा स्विच, पडला (आमच्याकडे सगळे ईएलसीबीच म्हणतात). उचलला, परत पडला. अर्ध्या तासाने राहिला.

आता हे नीट लिहितो. गेल्या वर्षी पूर्ण पावसाळाभर हे चालू होतं. प्रत्येकाचं कारण वेगळं. शेजारी म्हणायचे संध्याकाळी सगळ्यांचे लोड चालू, व्होल्टेज कमी होतं. आई म्हणायची पावसात दर वर्सा अशेंच जाता, पाऊस गेला की थांबेल. वायरमन म्हणाला विहिरीच्या पंपाचं वाइंडिंग, कारण त्याच्या अनुभवात दहा घरांत आठ वेळा तेच असतं, आणि मला वाटतं तो बरोबरच सांगत होता. पण पंप एकटा चालवला तर काही पडत नव्हतं, म्हणून पंप निर्दोष सुटला. शेवटी ऑक्टोबरच्या मध्यात त्याने आरसीसीबीच बदलला आणि त्रास बंद झाला. आम्ही सगळे खूश, मी स्वतः चार जणांना सांगितलं की आरसीसीबी खराब होता. पाऊस पण त्याच आठवड्यात गेला होता हे मी बघितलंच नाही. भौतिकशास्त्र शिकवतो मी.

आज रात्री पेटीकडे बघत बसलो होतो आणि ते काका आठवले, पहिला ठोकळा तीनदा ठेवला, काही झालं नाही, म्हणून तो नुसता सोबतीला.

पंप एकटा चालवला, काही झालं नाही.

२५ मे

सकाळी डोकं शांत असताना. आरसीसीबी काय करतो? फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला पाहिजे. कमी आला म्हणजे कुठेतरी गळतोय, जमिनीत किंवा कोणाच्या अंगातून. आमचा ३० मिलिअँपचा आहे, तो १५ च्या खाली पडू नये आणि ३० ला पडलाच पाहिजे, मध्ये कुठेही पडू शकतो. आणि मुख्य गोष्ट, तो *बेरीज* बघतो. घरातल्या सगळ्या गळत्यांची. दहा इथून आणि दहा तिथून गळत असतील तर एकेकटी कोणतीच त्याला पाडणार नाही. दोन टिंबोंची पेटी माझ्याच मीटरबोर्डात बसलेली.

मग दुसरी कोण? वेळ संध्याकाळ, पंप टाकी भरायला लावतो तो सकाळीही आणि संध्याकाळीही, सकाळी कधी पडत नाही. संध्याकाळी आणखी काय सुरू होतं? मुलांना फोन करून विचारलं. मयेच्या मुलीने एका मिनिटात सांगितलं, सर तुमच्या अंगणात तुळशीकडे दिवा आहे ना.

आहे. तिन्हीसांजेला आई लावते. वायर अंगणातून जमिनीखालून पाईपमधून गेलीय.

७ जून

मृग लागला. पाऊस अजून धड नाही. कोरड्यात दिवा आणि पंप एकत्र लावून बघितले, काही नाही. म्हणजे सामग्रीत पाऊस हवाच, तीन झाले. वाट बघतो. एकाने सुचवलं की आरसीसीबी बायपास कर, कटकट नको. अजिबात नाही. तो पडतो म्हणूनच आपण आहोत, घरात म्हातारी आई अनवाणी अंगणात जाऊन दिवा लावते.

१४ जून

तीन दिवस संततधार. ओळखीच्या एका इंजिनिअरकडून गळती मोजायचा क्लॅम्प मीटर आणला, फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र चिमट्यात धरायच्या, जे उरेल ती गळती. वायरमनलाही बोलावलं, बोर्ड उघडणं त्याचं काम, माझं नाही.

घरातलं नेहमीचं, फ्रीज इन्व्हर्टर वगैरे, ३ मिलिअँप. पंप चालू केला, १६ झाले. म्हणजे पंपाचे १३, वायरमन बरोबर होता, वाइंडिंग जुनं झालंय. पंप बंद, दिवा चालू, १३. म्हणजे दिव्याचे १०. वायरमन म्हणाला सर १० एवढ्याशा बल्बला? आणि मग दोन्ही. आम्ही दोघंही आकड्याकडे बघत होतो आणि मीटरवर २६ दिसायच्या आत खटकन पडला.

वायरमन काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, वीस वर्षं मी एकेक बंद करून फॉल्ट शोधतो, असा कधी सापडला नसता. मी म्हटलं मलाही नाही, पाच वर्षांच्या पोरीने शिकवलं. त्याला पेटी दाखवली. अर्धा तास खेळत होता, पावसात दुसऱ्या घरचं काम सोडून.

१५ जून

आईला सांगितलं तर तिला वाईट वाटलं. देवाच्या दिव्याला दोष देऊ नको म्हणाली. मी म्हटलं दोष एकट्या दिव्याचा नाहीच ना, दिवा एकटा असता तर कधीच काही झालं नसतं. पंपाचाही एकट्याचा नाही. तिने विचारलं मग कुणाचा? आणि मला पटकन उत्तर देता आलं नाही. तिघं जमतात तेव्हा होतं, एवढंच खरं आहे, कोणाचा ह्या प्रश्नाला तिथे जागा नाही. पण काय दुरुस्त करायचं ह्या प्रश्नाला आहे, पाऊस आपल्या हातात नाही, दिव्याची वायर आहे, पंप आहे पण खर्चाचा. मग ती म्हणाली वायर नवीन घाल, मी पैसे देते.

२१ जून

पाईप उकरला. तुळशीवृंदावनाच्या पायथ्याशी जॉइंट, नुसती टेप गुंडाळलेली, आणि पाईप तिथे खोलगट म्हणून पाणी साचलेलं. दहा वर्षांपूर्वी वृंदावन नवीन बांधलं तेव्हाचं काम. उन्हाळ्यात ते सुकतं.

नवीन अखंड वायर, जॉइंटच नाही, पाईप उतारावर.

२९ जून

आठवडाभर दणकून पाऊस, रोज पंप आणि दिवा एकत्र, एकदाही पडला नाही. पण गेल्या वर्षीही आरसीसीबी बदलल्यावर पडला नव्हता. आज मुलं आली होती, त्यांना म्हटलं अजून सिद्ध झालेलं नाही. मुलगा म्हणाला मग व्यतिरेक करूया सर. गुरुजींचा शब्द त्याच्या तोंडून ऐकून बरं वाटलं.

वायरमनला परत बोलावलं. भर पावसात, मेन बंद करून जुनी वायर परत जोडली, जॉइंट साचलेल्या पाण्यात, अंगणात कोणालाही उतरू दिलं नाही. मेन चालू. दिवा. पंप. पडला. मेन बंद करून नवी जोडली, राहिला. पुन्हा जुनी, पडला. पुन्हा नवी, राहिला.

ज्युडिया पर्लला संगणकशास्त्रातलं ट्युरिंग पारितोषिक २०११ चं मिळालं, त्याचं कारणांवरचं काम ह्याच फरकावर उभं आहे, बघणं वेगळं आणि हात घालून बदलणं वेगळं. गेल्या वर्षभर मी बघत होतो. बॅरोमीटरचा काटा खाली गेला की वादळ येतं हे बघून कळतं, पण काटा हाताने वर केला तर वादळ थांबत नाही, आणि हे हात घातल्याशिवाय नुसत्या बघण्यातून सहसा वेगळं करता येत नाही. मुलीने फाईलमध्ये वेल्क्रोच्या मोज्यांच्या चित्राशेजारी आमच्या मीटरबोर्डाचा फोटो चिकटवला.

६ जुलै

प्रदर्शनासाठी पेटीशेजारी दुसरी पेटी करतोय, आत खरा आरसीसीबी नाही ठेवणार, तीन छोटे स्विच आणि एक बेरीज करणारं सर्किट, पाऊस, दिवा, पंप असं लिहून. मुलगा म्हणतो नावं लिहायची नाहीत, लिहिली की लोक आधीच्या माहितीवरून पंपच दाबणार. त्याचं ऐकलं.

मामाचा फोन होता. बाग आता बंद, पण पुढच्या सीझनला ती ट्यूब किती पुरेल विचारत होता, शेजारच्या तिघांनाही हवीय. मी विचारलं माकड दिसलं का. म्हणाला नाही, नाही दिसलं तरी लावायचं ना?

हो म्हटलं.

१२ जुलै

बालवाडीतल्या बाईंना पेटी आठवडाभरासाठी दिली. पायाच्या स्विचची वायर त्यांना दोन मीटर लांब हवीय, मुलं टेबलाखाली वाकून बघायला लागलीत. वायरमन उद्या आणून देतो म्हणाला.